तुडुमाची पहार

दिघोरी
४ ऑगस्ट

मनिष,

आशीर्वाद धरून चाल, ते काही आपल्या भांडणावर अवलंबून नाहीत. फोन केला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. तू काहीतरी बोलतोस, मी चिडते, मग तुझी रिता फोन घेते आणि तब्येतीचं विचारते. बाबा गेल्यापासून आपण बहीणभाऊ रितामार्फतच बोलतोय. म्हणून हा कागद. तो मध्येच कापता येत नाही.

ताईला आज अचानक कसा पुळका आला, असं तुला वाटेल. पुळका नाही, अडचण आहे.

धानाचे रोवणे आटोपले. पऱ्ह्यांपुरता, रोपांपुरता पाऊस वेळेवर झाला, बायांनी शेवटची बांधी रोवली, चिखलाचे पाय धुऊन घरी गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग पाऊसही गेला. तेव्हापासून आभाळ भरून येतं आणि रिकामं होऊन निघून जातं. तलावात पाणी आहे. भरलेला नाही, पण आहे. अशा वेळी गावात ज्याच्या घरी पाणी सोडायची, तुडुमाची पहार असते त्याला झोप लागत नाही, आणि यंदा ती पहार आपल्या घरी आली आहे.

बाबांनंतर गावाचं पाणी सोडणारा पाणकर इश्वर होता. उन्हाळ्यात तो तलावाच्या पाळीवरून घसरला, खुबा मोडला, आता काठी घेऊन अंगणापुरता चालतो. मग गावातली चार माणसं पहार घेऊन आली आणि आपल्या ओसरीत भिंतीला टेकवून गेली. म्हणाली, "कृष्णरावची पोरगी आहे. शाळेतून रिटायर झाली, तिच्यापाशी टाइमच टाइम आहे." मला कोणी विचारलं नाही. अड्याळच्या शाळेत इतकी वर्षं पोरांना सांभाळलं, आता तलाव सांभाळायचा.

गेल्या वेळी खुशबू फोनवर विचारत होती, आत्या, तुडुम म्हणजे काय. तिला सांग, पाळीखालून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाखालून, एक दगडी मोरी जाते, तिच्या तलावाकडच्या तोंडाला बूच असतं. पहारीने बूच उचललं की पाणी पाटात उतरतं आणि शेतांकडे जातं. तो तुडुम. आणि सलंग म्हणजे पाळीची मुद्दाम ठेवलेली बुटकी बाजू, तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथून आपलं आपण निघून जातं. तिच्या बापाचं बालपण त्या सलंगावर गेलं, हेही सांग. तू सांगितलं नसणार.

बाबांची रीत आठवते का तुला? पाणकराच्या शेताला पाणी सगळ्यात शेवटी. आपली धानाची बांधी पाळीच्या पायथ्याशी, तुडुमापासून हाकेवर, तरी बाबा पाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन शेवटच्या बांधीपासून भिजवायला सुरुवात करायचे. आई म्हणायची, जगाचं झालं की मग आमचं. मलाही तो बाबांचा मोठेपणाचा सोस वाटायचा.

ती शेवटची बांधी बायजाबाईची. नवरा नाही, मुलगा प्रितम चिखल्याला खाणीत, आणि ती एकटी. सकाळी पहिली तीच येऊन विचारते, "शकुनबाई, कदी सोडता?"

तेच तुला विचारायचं आहे. तू राजस्थानात, वाळूतल्या शहरात पाणी वाटतोस. आमच्याकडे एका आठवड्यात पडतो तेवढा पाऊस तुमच्याकडे वर्षाला पडत नाही, तरी लाखो लोक पाणी पितात, झाडंही जगतात. तिथे कसं ठरवता, आज सोडायचं की राखायचं? मला खरोखर कळत नाही, मनिष. चुकलं तर लोकांच्या ताटातलं जाईल.

तू बाबांच्या तेरवीआधी निघून गेलास. पाळीवर उभा राहून लोकांना नळ्या आणि मीटर समजावत होतास आणि इश्वर म्हणाला, "मनिषभाऊ, आता तलावाले मीटर लावता का?" सगळे हसले. तुला वाटलं मीही हसले. रडून माझं तोंड सुजलं होतं, ते कसं दिसत होतं देव जाणे.

उत्तर कागदावर पाठव.

शकुन


१६ ऑगस्ट

मनिष,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं आहे, खाली सही आहे, वर विषय लिहिला आहे. मी तलाठी नाही, तुझी बहीण आहे. पण आलं, हे बरं झालं.

तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्याकडे कालवा दरवर्षी काही दिवस बंद असतो, ते दिवस निघावेत म्हणून मोठमोठे हौद भरून ठेवता, आणि लोकांनी कितीही ओरड केली तरी त्या हौदांना हात लावत नाही. न्हाणीचं, मोरीचं पाणी शहरभरातून गोळा करून, साफ करून, बागांना आणि रस्त्याकडेच्या झाडांना देता, म्हणजे पिण्याचं पाणी शिल्लक राहतं. शेवटी लिहिलंस, "साठा हाच आधार आहे. तलाव बंद ठेव. ऑगस्ट कोरडा गेला तर सप्टेंबरचा भरवसा धरू नकोस. लोक ओरडतील, त्यांना ओरडू दे."

मला पटलं. पटायला कारण तुझं पत्र नाही, रिताची परात आहे. खुशबूच्या बारशाला आले होते तेव्हा रिताने आंघोळीला पितळेची मोठी परात दिली आणि सांगितलं, ताई, यात उभ्या राहा. मी तलावात डुंबून वाढलेली बाई, परातीत उभी राहून अंगावर तांब्या तांब्या ओततेय. ते पाणी तिने दारातल्या लिंबाला घातलं. पहिल्या दिवशी राग आला होता. निघायच्या दिवशी मीच ती परात लिंबापाशी नेली. तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्या काकू आठवतात, गच्चीवर चपला घालू देत नव्हत्या. गच्चीवरचं पावसाचं पाणी अंगणाखालच्या टाक्यात जायचं, म्हणून. तेव्हा मनात आलं होतं, पाण्याचा मान राखायला या लोकांकडून शिकावं.

काल पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली सगळ्यांना बोलावलं आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. तुला ऐकून बरं वाटेल, कोणी हसलं नाही. इश्वरला खाटेवर बसवून आणलं होतं, तोच म्हणाला, "मनिषभाऊ वाळवंटातल्या लोकायले पाणी पाजून राहिला. त्याले नाई समजत तं कोणाले समजते?" सगळ्यांनी माना हलवल्या. महिनाभर तुडुम बंद ठेवायचा ठरला. पाऊस नाहीच आला तर सप्टेंबरात, धान गर्भावर आल्यावर, लोंब निघायच्या तोंडावर, सगळ्यांना एक पाणी द्यायचं.

बायजाबाई मागे बसली होती. म्हणाली, "सांगता ते सप्पा बरोबर आहे. पण मायावाल्या बांधीले पाणी कदी?"

मी म्हटलं, बायजाबाई, थोडा दम धर. तिने पदर डोक्यावर घेतला आणि बरं म्हणाली. 

तुझं नाव गावात पुन्हा नीट घेतलं गेलं, याचा मला आनंद झाला. बाबा असते तर बोलले नसते, पण त्या दिवशी दोन घास जास्त जेवले असते.

शकुन


२८ ऑगस्ट

मनिष,

पोळा झाला. पाऊस नाही.

मी आता पाळीवर जाते ती काठाकाठाने, लोकांची नजर चुकवत. सगळे तलावाकडे पाहतात आणि मग माझ्याकडे. तलावात पाणी आहे आणि शेतात नाही, हे डोळ्यांना सहन होत नाही. तुमच्याकडे बरं, हौद भिंतीआड असतो.

पहार मी ओसरीतून आत आणली आहे, धानाच्या कोठीमागे. कोणी चोरेल म्हणून नाही. येता जाता दिसते आणि हात शिवशिवतो.

प्रितम सुट्टीवर आला होता. चांगला पोरगा आहे, बोलतो कमी. खाणीत जमिनीखाली काम करणारे लोक असेच होतात की काय कोण जाणे. ओसरीत बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "आत्याबाई, खाणीत पाणी येते तं आमी उपसून बाहेर टाकतो. अन् इथं माय एका पाण्यासाठी बसून आहे. तिले मनलं, सोड शेती, माह्यासंग कॉलनीत चाल. ते ऐकत नाई."

मी त्याला तुझं पत्र दाखवलं. त्याने वाचलं, घडी घालून परत दिलं, आणि म्हणाला, "साहेबाचं बरोबर असंल." मग चप्पल घालून गेला. मला ते "असंल" आवडलं नाही.

सोडू का म्हणून तुला मोबाइलवर पाठवलेल्या निरोपावर तुझा निरोप आला, "थांब ताई. आता सोडलंस तर इतके दिवस राखलेलं फुकट जाईल." मी थांबले आहे. पाटाच्या अर्ध्यापर्यंत गेले होते परवा. तिथल्या बांध्यांत धान पिवळसर पडलं आहे, पण उभं आहे. पुढे गेले नाही, गुडघे दुखतात. खरं म्हणजे पुढे जायची इच्छा झाली नाही.

आपलं शेत मात्र चांगलं आहे. बाबांची पुण्याई म्हणायची. पाणी न देताही हिरवंगार उभं आहे, बांधीत पाय ठेवला की अजून चिखल लागतो. निदान तेवढी एक काळजी तुला नको.

शकुन


८ सप्टेंबर

मनिष,

वाईट झालं. सरळ लिहिते, कारण फिरवून लिहायची ताकद नाही.

काल सकाळी बायजाबाई आपल्या बांधीतून निघाली आणि पाटाच्या कोरड्या पात्रातून चालत पाळीपर्यंत आली. हातात धानाची जुडी होती, मुळासकट उपटलेली. वाटेत जो भेटला तो तिच्या मागे आला. मी पाळीवरच होते. तिने ती जुडी माझ्या पायाशी ठेवली. लोंब निघायच्या आधीच धान आत वाळलं होतं. मी एक काडी सोलून पाहिली, आत पांढरं फोल.

मला वाटलं ती ओरडेल. मी तयार होते, तुझंच वाक्य मनात म्हणत होते, ओरडू दे. ती ओरडली नाही. तिने मागे वळून खाली पाहिलं. सगळ्या शिवारात एकच तुकडा हिरवा होता, पाळीच्या पायथ्याचा. ती म्हणाली, "पाणकरबाईचा धान पाहा. किती मस्त आहे."

एवढंच. बाकीच्यांनीही वळून पाहिलं.

मनिष, मी शपथ घेऊन सांगते, मी आपल्या शेताला तांब्याभर पाणी दिलेलं नाही. पण आपली पाळ मातीची आहे. तलावात पाणी उभं असलं की पाळीतून झिरपतं, आणि झिरपतं ते आपल्याच बांधीत. सगळ्या गावासाठी म्हणून मी तलाव राखला आणि त्या राखण्याने भिजलं फक्त आपलं शेत. मी रोज सकाळी उठून ते हिरवं धान पाहत होते आणि मनाला समजावत होते की अजून वेळ आहे. माझं शेत मला सांगत होतं की सगळं ठीक आहे, आणि मी दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही.

बाबा आधी शेवटच्या बांधीकडे का जात, ते मला काल तिथे उभी असताना कळलं. मोठेपणाचा सोस नव्हता तो. पाळीखाली ज्याचं शेत आहे त्याला घरबसल्या तहान कळूच शकत नाही, म्हणून त्याने चालत जायचं. बाबांनी हे आपल्याला कधी तोंडाने सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मी आई म्हणायची तेच धरून बसले.

मी घरी आले, कोठीमागून पहार काढली आणि सगळ्यांसमोर तुडुम उघडला. पाणी पाटात उतरलं तेव्हा चांगलं जोरात होतं. आम्ही सगळे त्याच्याबरोबर चालत निघालो. पाटाला इतक्या भेगा पडल्या होत्या की पाणी पुढे कमी आणि खाली जास्त जात होतं. मधल्या बांध्यांना ओल मिळाली, त्यांचं थोडंफार हाती लागेल. संध्याकाळपर्यंत पाणी बायजाबाईच्या अलीकडच्या बांधापाशी आलं आणि तिथेच जिरलं. ती आपल्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बसून पाहत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने थोडी जागा करून दिली, आणि मला त्याचंच रडू आलं.

शकुन


१५ सप्टेंबर

मनिष,

पाऊस आला. परवापासून लागला आहे, थांबायचं नाव नाही. तलाव भरला आणि सलंगावरून पाणी चाललं आहे. ज्या पाण्यासाठी मी महिनाभर लोकांची तोंडं चुकवली, तेवढं आणि त्याहून जास्त पाणी रोज नाल्याला जातंय. मी छत्री घेऊन सलंगापाशी उभी राहिले. पोरं मासे पकडत होती. बरं वाटावं असं त्यात खूप काही होतं, मला काहीच वाटलं नाही. तिथेच दगडावर बसले.

तुझा निरोप वाचला. "ताई, त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर निर्णय बरोबरच होता." असेल. तुझ्या कागदावर बरोबरच असेल. मला तुझा भयंकर राग आला आहे. तुझे फोन मी उचलत नाही त्याचं कारण तेच, उगाच रिताला मध्ये घालू नकोस.

तुमचा हौद रिकामा झाला की संपलं, पुन्हा भरायला कालव्याची वाट पाहायची. म्हणून तुम्ही राखता, आणि ते योग्यच आहे. आपला तलाव रिकामा करायलाच बांधलेला आहे. श्रावणात तो शेतात ओतायचा आणि भाद्रपदात आभाळाने परत भरायचा. कधी नाही भरत, तेव्हा सगळेच उपाशी. पण निदान सगळे. हे तुला माहीत होतं, मनिष. तू इथे जन्मलास. वाळूत राहून विसरलास. आणि मी तर इथेच राहून विसरले, तेव्हा तुला किती बोलणार.

लिहून टाकलं. आता बरं वाटेल असं वाटलं होतं, वाटत नाही.

शकुन


२ ऑक्टोबर

मनिष,

या पत्रात राग नाही. एक विचारायचं आहे आणि त्याला उत्तर हवं आहे.

शेजारच्या आनंदाबाई परवा भाजी निवडत बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, त्यांच्या सासऱ्याच्या वेळी एक रीत होती. पाणकराच्या चुकीने कोणाचं धान गेलं, तर कापणीला पाणकराच्या बांधीत पहिला विळा ज्याचं गेलं त्याचा, आणि धानही त्याचंच. त्यांनी हे माझ्याकडे न पाहता सांगितलं. म्हाताऱ्या बायांना ते बरोबर जमतं.

आपल्या बांधीत यंदा दाणा भरून आला आहे. इतका की लोंबी वाकल्या आहेत. मी रोज त्या रस्त्याने जाणं टाळते.

बाबांनी शेत आपल्या दोघांच्या नावावर ठेवलं. माझ्या अर्ध्याचं मी ठरवलं आहे, ते बायजाबाईचं. तुझ्या अर्ध्याचं मी ठरवणार नाही. तू लांब आहेस, तू पहार हातात घेतली नव्हतीस, तू नाही म्हणालास तरी मी तुला दोष देणार नाही. गावही देणार नाही, कारण तुझं पत्र वाचून मान सगळ्यांनीच हलवली होती. फक्त टाइप करून पाठवू नकोस.

तू उत्तर नाही दिलंस तर मध्ये बांधाचा धुरा घालून अर्धंच कापायला सांगेन. अर्धं कापलेलं आणि अर्धं उभं शेत कसं दिसेल ते तुला सांगायला नको.

शकुन


१२ नोव्हेंबर

मनिष,

तुझं पत्र दिवाळीच्या आत मिळालं. हाताने लिहिलेलं. अक्षर तेच आहे, अजून ओळीखाली घसरतं. पहिलीच ओळ, "ताई, सगळं दे. विचारायची गरज नव्हती." गरज होती रे. पण ती ओळ वाचून मी पत्र पदरात ठेवलं आणि बाकीचं संध्याकाळी वाचलं.

आधी इकडचं सांगते.

मी बायजाबाईकडे गेले. तिचं घर गावाच्या पार शेवटी, पाटाच्या बाजूला. म्हटलं, आमच्या बांधीत पहिला विळा तुझा, मनिषचाही होकार आला आहे. ती चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "शकुनबाई, तुमचा धान मले नोको."

मी रीत सांगितली, आनंदाबाईंचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "यंदा तुमचा धान खाईन. अन् पुढच्या साली पाऊस रुसला तं? पुन्ना तुमी पाळीवर, अन् मी शेवटाले. धान कायले? मले पहार द्या."

मला आधी समजलंच नाही. ती समजावल्यासारखी म्हणाली, "पहार माह्या घरी राहू द्या. पाणी सोडाचं तं मीच सोडीन. माह्या बांधीत आलं का सप्पाच्या बांधीत आलं, हे तं खरं ना?"

गावात कुजबुज झाली. पहार नेहमी पाळीजवळच्याच घरी राहिली आहे, सोयीचं पडतं म्हणून. बायजाबाईला इतकं चालणं होईल का, असं एकाने विचारलं. इश्वर खाटेवरून म्हणाला, "आतापावतर ते चाललीच नं आपल्या दारी."  मी पहार खांद्यावर घेऊन पाटाने चालत तिच्या घरी पोचवली. वाटेत चारदा टेकले. जड आहे रे, बाबा कसे नेत होते कोण जाणे.

कापणी सगळ्या बायांनी मिळून केली. बायजाबाई आली, पहिला विळा तिनेच घातला, दिवसभर कापलं आणि इतर बायांसारखी आपल्या मजुरीचं धान घेऊन गेली. मूठभरही जास्त घेतलं नाही. वर्ष कसं काढशील विचारलं तर म्हणाली, प्रितम आहे. बाकीचं धान आपल्याच कोठीत आलं आहे. मला ते शिजवावंसं वाटत नाही, पण शिजवीन. त्यातलं निवडून बियाणं ठेवलं आहे, ते तिच्या बांधीत रोवायला ती घेते म्हणाली. तेवढं तरी घेते.

आता तुझं पत्र. तू लिहिलंस की माझं सप्टेंबरचं पत्र वाचून तू चिडलास, मग आठवडाभराने घराच्या गच्चीवर गेलास आणि पाहिलंस, तुझं घर शहराच्या पाण्याच्या टाकीखालीच आहे. तुमचा नळ कधी कोरडा गेला नाही. सगळ्या शहराच्या नळ्यांचा नकाशा तुझ्या हातचा, पण शेवटच्या वस्तीत तू कधी पायी गेला नव्हतास. गेलास तेव्हा तिथल्या नळांच्या तोंडाला चिंध्या बांधलेल्या होत्या, कारण पाणी येतच नाही तर धूळ तरी जाऊ नये. एका बाईने तुला विचारलं, टँकर घेऊन आलास का. तू नाही म्हणालास आणि तिच्या घागरीशेजारी दुपारपर्यंत उभा राहिलास. हे वाचताना मला सारखी ती परात आठवत होती. आपण लिंबाला घातलं ते पाणी, त्या वस्तीत अंगालाही मिळत नसेल.

पुढे लिहिलंस, तू साहेबांना सांगितलंस की पाणी सोडणारा माणूस त्या शेवटच्या वस्तीतला नेमा, त्याच्या घरी पाणी पोचलं की शहराला पोचलं. आणि साहेब हसले.

मी इतक्या लांबून तुला काय सांगू? एवढंच सांगते, यावेळी बॅग भरू नकोस. इथे लोक हसले तेव्हा तू गेलास, आणि मी तुला अडवायला उठले नाही, मला उठवतच नव्हतं. तिथून जाऊ नकोस. हसून झाल्यावर लोक कधी कधी ऐकतात. इश्वर ऐकतो की आता.

थकले आहे, मनिष. या वर्षाने मला म्हातारी केली. तुझ्याशी भांडायलासुद्धा दम उरला नाही, म्हणून विचारते, उन्हाळ्यात सुट्टी मिळाली तर येशील का? रिताला, खुशबूला घेऊन. खुशबूला तुडुम दाखवू.

काल तलावावर बायजाबाई कपडे धूत होती. तिने विचारलं, "मनिषभाऊ कदी येते?" मी म्हटलं, बोलावलं आहे, बघू. ती पिळ्याचं पाणी झटकत म्हणाली, "आला का आधी माह्या घरी धाडजा. वाटचा आलेला माणूस, पयलं पाणी मी देईन."

तेव्हा बस थांब्यावरून आलास की आपल्या दाराशी थांबू नकोस. तसाच पुढे जा, पाटाच्या कडेने, शेवटच्या घरापर्यंत. मी तिथेच असेन.

शकुन